अदेलिनाचा अर्ज

चिराशा
२१ ऑक्टोबर १९९९

आदरणीय एर्मेलिंदा बाईंना,

अदेलिनाचा नमस्कार. तुम्ही जाऊन पंधरा दिवस झाले. पत्र स्पॅनिशमध्येच लिहायचं असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून लिहिते आहे. शब्द अडला तिथे आपला केक्चीतला घातला आहे. हसू नका.

शाळेला कुलूप आहे आणि किल्ली क्रिसांतोकाकांच्या कमरेला. फळीच्या फटीतून पाहिलं तर फळ्यावर तुम्ही लिहिलेली शेवटची तारीख अजून आहे. धाकटी ओतिलिया हट्ट करत होती म्हणून तिला उचलून दाखवली. पाच वर्षांची झाली तरी विचारते, "बाई आतच राहिल्यात का?"

आई आता मला मॅडम म्हणते. "मॅडमना सांगा, मका धुवायचा राहिलाय." चुन्यात शिजवलेला मका मी पहाटे धुते, मग वाटते, मग झऱ्यावर जाते. जाताना तीनशे बारा पावलं आणि येताना डोक्यावर घागर असते म्हणून तीनशे चाळीस. मी ती स्पॅनिशमध्ये मोजते. काल दोनशेच्या पुढे क्रिसांतोकाकांची बास्तियाना मध्येच बोलली आणि सगळं चुकलं. मी तिला ओरडले. ती म्हणाली, "एवढं काय, पावलं काही पळून जात नाहीत."

माझ्या अर्जावर अंगठा दिल्यावर बाबा दोन दिवस जांभळी शाई घासत होते. म्हणाले, "जमिनीच्या कागदाला अंगठा द्यायला मी तीन वर्षं लावली. या बाईने तीन संध्याकाळी चुलीजवळ बसून घेतला." पण रागाने म्हणाले नाहीत. नंतर ते क्रिसांतोकाकांनाही तेच सांगत होते, आणि हसत होते.

तुम्ही माझा अर्ज नेलात त्या कोबानच्या सिस्टरांच्या शाळेत खेड्यांतल्या आठ मुली घेणार, त्यांत माझं नाव आलं की लगेच कळवा. एवेलियो दर गुरुवारी वेलदोडे न्यायला खालच्या रस्त्यावर गाडी आणतो. पत्र त्याच्याजवळ दिलं तर मिळेल. तो वाचत नाही, त्याला वाचता येत नाही.

तुमची विद्यार्थिनी,
अदेलिना त्युल चोक


कोबान
१४ नोव्हेंबर १९९९

प्रिय अदेलिना,

तुझं पत्र मिळालं. छान लिहिलं आहेस. केक्चीतले शब्द मोजून चारच निघाले, आणि त्यांतला एक तर मलाही स्पॅनिशमध्ये सांगता आला नसता.

उत्तराला उशीर झाला, राग मानू नकोस. माझी बदली इथे घराजवळच्या शाळेत झाली. आईचे गुडघे दुखतात, तिला एकटीला सोडवत नव्हतं. चार वर्षं डोंगर चढल्यावर आता सपाट रस्त्याने शाळेत जाताना चुकल्यासारखं होतं.

यादीबद्दल अजून काही कळलेलं नाही. यंदा उशीर होईल असं दिसतं. तू त्याचाच विचार करत बसू नकोस. घरची कामं आहेत, वेलदोड्यांची तोडणी आहे, तिकडे लक्ष दे.

सोबत दोन वह्या, पेन्सिली आणि एक शब्दकोश पाठवते आहे. शब्दकोश माझा होता, आता तुझा. रोज काय काय करतेस ते लिहून पाठव, म्हणजे सरावही होईल.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझ्या बाई,
एर्मेलिंदा


चिराशा
९ डिसेंबर १९९९

आदरणीय बाईंना,

शब्दकोश मिळाला. तो मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगला आहे, कारण खाली कोंबड्या आणि ओतिलिया आहे.

तुम्ही विचारलं म्हणून कालचा दिवस लिहिते. मका धुतला, वाटला, भाकऱ्या थापल्या. माझ्या भाकऱ्या अजून एका बाजूला जाड होतात. आई म्हणते, "या भाकरीला चढ आहे, डोंगराकडचं तोंड तुझ्या बाबांना दे." मग पाणी. मग सगळी वेलदोड्यांच्या मळ्यात. झाडं बाबांपेक्षा उंच आणि शेंगा अगदी बुडाशी, चिखलात. वाकून तोडाव्या लागतात. हात ठेवायच्या आधी काठीने पानं हलवायची, साप असतात. दुपारपर्यंत माझी अर्धी टोपली भरली, आईची दोन. बोटं चिकट होतात आणि मग भाकरीलाही तोच वास येतो. मला आता वेलदोड्याचा वास नको वाटतो. एवेलियो म्हणतो, हे लांबच्या देशांत लोक कॉफीत घालून पितात. बाबांना ते खरं वाटत नाही.

येताना कपाळाला पट्टा लावून लाकडं आणली. मग ओतिलियाच्या उवा पाहिल्या, तोवर मी शब्दकोशातले दहा शब्द म्हटले. उवेचा शब्दही त्यात आहे.

आता मोठी गोष्ट. रविवारी बाबा मला घेऊन वरच्या गुहेपाशी गेले. धूप आणि चार मेणबत्त्या नेल्या. डोंगराच्या धन्याला म्हणाले, "ही माझी थोरली. तीन वर्षं तुझ्या अंगणाबाहेर जाणार आहे. तिची पावलं विसरू नकोस." बाबा माझ्याबद्दल एवढं सलग कधी बोलले नव्हते. मी खाली पाहत उभी होते.

पेत्रोनाआत्या कोबानहून आली होती. बाजारात ती भाकऱ्या विकते, तिला हाताखाली मुलगी हवी आहे. तिने मला मागितलं. बाबा म्हणाले, "आमची शाळेला चालली."

आत्या म्हणाली, "शाळेत काय भाकरी थापायची पदवी मिळते?"

"तुझ्या भाकरीवर नाव घालता येईल तिला," बाबा म्हणाले. आत्या रुसून, पण जेवून गेली.

आई कमरेला बांधायच्या मागावर माझ्यासाठी पोलकं विणते आहे, हिरवं, छातीवर पक्षी. माप घेताना म्हणते, "जानेवारीपर्यंत वाढू नकोस."

बाई, यादी लागली का? शाळा पंधरा जानेवारीला सुरू होते असं तुम्ही म्हणाला होतात.

तुमची,
अदेलिना


कोबान
८ जानेवारी २०००

प्रिय अदेलिना,

हे पत्र लिहायला मला जड जातं आहे.

यादी लागली. तुझं नाव त्यात नाही. खूप मुलींचे अर्ज होते आणि जागा आठच. चौकशी केली तेव्हा कळलं, तुझी स्पॅनिश भाषा थोडी कच्ची वाटली. तू वाईट वाटून घेऊ नकोस. डोंगरातल्या मुलींना हे अवघड जातंच. पुढच्या वर्षी पुन्हा पाहू.

तू हुशार आहेस, हे मी म्हणतेच. वाचन सोडू नकोस.

बाबांना माझ्या वतीने सांग, त्यांनी अंगठा दिला ते योग्यच केलं.

एर्मेलिंदा


चिराशा
१७ फेब्रुवारी २०००

आदरणीय बाईंना,

तुमचं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. घरात वाचणारी मी एकटीच, त्यामुळे मलाच वाचावं लागलं. "कच्ची" या शब्दाशी थांबले. बाबा म्हणाले, "काय झालं, अक्षर लागत नाही का?" मग वाचलं.

ते उठले. विळा घेऊन गेले आणि ज्या कुंपणाला काहीच झालं नव्हतं ते दुरुस्त करत बसले. जेवताना म्हणाले, "डोंगराने नाही म्हटलं असेल." आई म्हणाली, "डोंगर कशाला म्हणेल, त्याला का स्पॅनिश येतं?" कुणी हसलं नाही.

बाई, माझं कुठे चुकलं ते सांगाल का? अर्जामागे मी दहा ओळी लिहिल्या होत्या. "पाणी आणताना पाऊस आला" तिथलं क्रियापद चुकलं का? मला तेव्हाच शंका आली होती, पण तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही बाबांशी बोलत होतात. विचारलं असतं तर बरं झालं असतं. ती एकच चूक होती की आणखीही होत्या? सगळ्या लिहा. मी रागावणार नाही. शब्दकोशात क्रियापदं कशी फिरतात ते दिलेलं नाही.

पोलकं पुरं झालं आहे. आईने ते घडी करून पेटीत ठेवलं.

अदेलिना


चिराशा
११ जून २०००

आदरणीय बाईंना,

माझं फेब्रुवारीतलं पत्र पोचलं नसेल. एवेलियो म्हणतो, त्याने तुमच्या हातात दिलं, पण तो काहीही सांगतो. गेल्या वर्षी त्याने सांगितलं होतं की समुद्र डोंगराएवढा उंच असतो.

मेमध्ये पेरणी झाली. आमच्याकडे बारा माणसं आली होती. पुरुष टोकदार काठ्या घेऊन रांगेने चढावर गेले आणि आम्ही घरी टर्कीचा लाल रस्सा केला. मिरच्या मी वाटल्या, अजून हातांची आग आठवते. बाबांनी शेताच्या मध्यावर धूप लावला, पण दर वर्षीसारखं बोलले नाहीत. नुसते उभे राहिले आणि म्हणाले, "चला, पेरा."

आईला जुलैत बाळ होईल. तिला वाकवत नाही, त्यामुळे वाटणं, पाणी, धुणं सगळं माझ्याकडे आहे. आता मी पावलं मोजत नाही.

नवे सर आले. ते आठवड्यातून तीनच दिवस येतात. त्यांनी घरोघर जाऊन मुलांची नावं लिहिली. आमच्या दारात आले तेव्हा बाबा म्हणाले, "ओतिलियाचं नाव घालू नका." सर म्हणाले, "मुलगी चुणचुणीत दिसते." बाबा म्हणाले, "थोरलीही दिसायची. तिच्या बाईंनीच लिहून पाठवलं, भाषा कच्ची. सहा वर्षं शिकून कच्ची. मग धाकटीला कशाला उन्हात बसवू?"

क्रिसांतोकाका तिथेच होते. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून बास्तियानाला शाळेतून काढलं. ती चौथीत होती, बाई. बाकी उरते त्या भागाकारापर्यंत आली होती. प्रार्थनाघराशी बसलेले लोक बाबांचं नाव घेऊन म्हणत होते, की मातेओच्या पोरीचं जमलं नाही, तर आपल्या पोरींचं काय जमणार. मी सगळ्यांत चांगली होते असं तुम्हीच सगळ्यांना सांगितलं होतं, म्हणून ते तसं म्हणतात.

बास्तियाना माझ्याशी बोलत नाही. झऱ्यावर ती आधी भरून जाते.

मला तुमचा राग नाही. तुम्ही खरं ते लिहिलं. फक्त वाटतं, मी अर्ज केलाच नसता तर बास्तियाना शाळेत राहिली असती.

अदेलिना


कोबान
२ जुलै २०००

अदेलिना,

एवेलियो खरं बोलला. तुझं फेब्रुवारीचं पत्र माझ्या हातात आलं होतं. उत्तर लिहिण्याची माझी हिंमत झाली नाही. आता जे लिहिते आहे ते नीट वाच.

तुझी भाषा कच्ची नव्हती. तुझा अर्ज कुणी वाचलाच नाही. तो मी दिला नाही.

चिराशाहून उतरले त्याच आठवड्यात बदलीच्या खटपटीला लागले. कचेरीत रोज चकरा. ज्या दिवशी माझा स्वतःचा अर्ज तिथे दिला, त्या दिवशी तुझा कागद माझ्या पिशवीत होता. सिस्टरांची शाळा तिथून दोन गल्ल्या पलीकडे. पाऊस होता, मी दमले होते. म्हटलं, उद्या. मग आईची तब्येत, मग बदलीचा हुकूम, मग नवी शाळा. तीस ऑक्टोबर ही शेवटची तारीख होती आणि ती मला माहीत होती. तीन नोव्हेंबरला वही काढताना कागद बाहेर पडला, तुझ्या बाबांच्या जांभळ्या अंगठ्यासकट.

तशीच धावत गेले. दारातल्या सिस्टर म्हणाल्या, मुदत संपली. मी त्यांना धड विनवणीही केली नाही. त्यांनी उशिराचं कारण विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

जानेवारीत तुला लिहायला बसले तेव्हा पहिल्या कागदावर खरं लिहिलं होतं. तो फाडला. दुसऱ्यावर लिहिलं की अर्ज वाटेत गहाळ झाला. तोही फाडला, म्हटलं, मी उतरले ती एवेलियोची गाडी, तुझे बाबा त्याला धरतील. मग ते लिहिलं जे तुला मिळालं. कुणाचंच नुकसान होणार नाही असं तेव्हा वाटलं. दोष तुझ्यावर ढकलला, तू बारा वर्षांची, सहन करशील, विसरशील असं मी स्वतःला सांगितलं.

"पाणी आणताना पाऊस आला" हे वाक्य बरोबर आहे. दहाच्या दहा ओळी बरोबर आहेत. ज्या पत्रात तू मला चुका विचारल्या होत्यास ते मी आजही उघडून पुरं वाचू शकत नाही.

सहा ऑगस्टच्या रविवारी मी चिराशाला येते आहे. प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर हे सांगेन. तुझ्या बाबांना आणि क्रिसांतोकाकांना घरी येऊन वेगळं सांगेन. तोपर्यंत हे पत्र त्यांना वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव. हेही ओझं तुझ्यावरच टाकते आहे, पण तिथे दुसरं वाचणारं कुणी नाही.

एर्मेलिंदा


चिराशा
२७ ऑगस्ट २०००

आदरणीय बाईंना,

तुमचं जुलैचं पत्र मी आधी मळ्यात नेऊन एकटीने वाचलं. मग दोन दिवस तसंच ठेवलं. मग बाबांना वाचून दाखवलं, सगळं. बाबा म्हणाले, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. ते म्हणाले, "म्हणजे डोंगराने नाही म्हटलं नव्हतं." मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "आणि मी पेरणीचा धूप रागाने लावला." एवढंच. दुसऱ्या दिवशी मेणबत्त्या घेऊन एकटेच वर गेले. तिथे काय बोलले ते मला ठाऊक नाही.

तुम्ही आलात तेव्हा प्रार्थनाघरात मी मागे बायकांत बसले होते, बाळाला घेऊन. भाऊ झाला आहे. तुम्ही बोलताना तो रडला, म्हणून काही वाक्यं ऐकू आली नाहीत, पण अर्ज न दिल्याचं आणि खोटं लिहिल्याचं ऐकलं. क्रिसांतोकाका उठून बाहेर गेले होते, ते रागाने नाही. त्यांना लोकांसमोर रडू येतं. सोमवारी बास्तियाना शाळेत गेली. नव्या सरांनी तिला तिसरीच्या मुलांत बसवलं, कारण मधलं बरंच विसरली होती. ओतिलियाचं नावही बाबांनी घातलं. सरांना म्हणाले, "घाला, चूक माझी होती." बाबा असं म्हणतील असं मला वाटलं नव्हतं.

त्या दिवशी तुम्ही बाबांजवळ ठेवून गेलात तो नवा अर्ज या पत्राबरोबर परत पाठवते आहे. बाबा अंगठा द्यायला तयार होते. मीच नको म्हटलं. सगळ्यांना सांगितलं, आई अजून अशक्त आहे, बाळ लहान आहे, मी गेले तर वाटण कोण करणार. ते खरंच आहे. पण आई म्हणाली होती, "मी करीन, तू जा." तिने पेटीतून पोलकं काढून माझ्या अंगाला लावूनही पाहिलं. दंडाला घट्ट झालं आहे. उसवून देते म्हणाली.

खरं कारण वेगळं आहे. गेल्या गुरुवारी एवेलियोने मला स्पॅनिशमध्ये काहीतरी साधंच विचारलं, पोती किती म्हणून. मला उत्तर येत होतं. सात. पण तोंडातून आलं नाही. मी बोटं दाखवली. आधी मी त्याच्याशी भांडायचेसुद्धा स्पॅनिशमध्ये. तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलं की ती गोष्ट खोटी होती, आणि माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण जानेवारीतही होता. सहा महिने मी रोज पाणी भरताना हेच म्हणत होते की आपलं डोकं कच्चं आहे. आता ते खोटं होतं असं कळलं तरी जीभ ऐकत नाही. पुढच्या वर्षी ऐकेल का, माहीत नाही. पेत्रोनाआत्याला बाबांनी पुन्हा नाही म्हटलं आहे, तेवढं आहे.

आता त्या रविवारचं. प्रार्थनेनंतर तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा मी नव्हते. आईने सांगितलं, तुम्ही दोन तास ओट्यावर बसलात, कोको प्यायलात, बाळाला मांडीवर घेतलंत, आणि खालच्या रस्त्यावरची गाडी चुकेल म्हणून उठलात. मी झऱ्यावर होते. घरात दोन घागरी भरलेल्या होत्या, तरी गेले. झऱ्याच्या वरच्या खडकावरून ओंडक्याचा पूल दिसतो. तुम्ही पुलावर थांबून मागे वळून पाहिलंत. मी हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तुम्ही तीन तास चढून आला होतात. मला अजून वाटतं, हाक मारायला हवी होती.

घरी आले तेव्हा आई म्हणाली, "एवढा वेळ कुठे होतीस?" मी म्हटलं, "झऱ्यावर गर्दी होती." झऱ्यावर कुणी नव्हतं. विचार करायच्या आतच तोंडातून निघून गेलं, आणि एकदा निघाल्यावर मला ते परत घेता येईना. आई माझ्याकडे बघत राहिली आणि मी बाळाचे कपडे धुवायला घेतले.

तुमचंही तसंच झालं असेल, असं मला धुताना वाटलं. म्हणून हे पत्र लिहिलं.

अदेलिना